विकीवर काय, संकेतस्थळावर काय? ओपनस्ट्रीटमॅपच्या मांडणीवर एक टीका

पीएचडीची तयारी करणारे विद्यार्थी भेटले की एक प्रश्न हमखास येतो. "ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा घेतला तर चालेल, पण त्यातल्या 'रिझर्व्हॉयर'ची अधिकृत व्याख्या कुठून घ्यायची? संकेतस्थळावर तर सापडत नाही, आणि विकीचा संदर्भ गाइड मान्य करत नाहीत."

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात एक गृहीतक आहे: संकेतस्थळावर असेल ते पक्कं, विकीवर असेल ते कच्चं. हे गृहीतक कुठे चुकतं आणि त्यामुळे संशोधनात काय बिघडतं, ते आज बघू. शेवटी ओपनस्ट्रीटमॅपच्या (पुढे 'ओएसएम') मांडणीबद्दल माझी तक्रारही सांगतो. ती विकीबद्दल नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

उदाहरण: रामटेक तालुक्यातले तलाव

समजा, तुम्हाला रामटेक तालुक्यातले तलाव मोजायचे आहेत. आपल्याकडे तलाव म्हटलं की खिंडसी आणि अंबाळा लगेच आठवतात. पण पूर्व विदर्भाची खरी गोष्ट आहे ती मामा तलावांची, म्हणजे माजी मालगुजारी तलावांची. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्याचा पूर्वेकडचा भाग मिळून असे तलाव हजारोंनी आहेत. मातीची पाळ घालून पावसाचं पाणी अडवायचं आणि खालच्या धानाला द्यायचं, ही त्यांची रीत. भंडारा-गोंदियाकडे कोहळी समाजाचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. हा भाग तेव्हाच्या मध्य प्रदेशात होता. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी संपली, १९५१ पासून अंमल सुरू झाला आणि तलाव सरकारकडे आले. 'माजी' हा शब्द तिथून चिकटला.

आता हा तलाव नकाशात कसा लिहायचा? ओएसएममध्ये प्रत्येक वस्तूला टॅग असतात, म्हणजे 'की' आणि 'व्हॅल्यू' अशी जोडी. पाणीसाठ्याला सर्वसाधारणपणे 'नॅचरल=वॉटर' लावतात. त्यासोबत 'वॉटर=रिझर्व्हॉयर', 'वॉटर=पॉन्ड' किंवा 'वॉटर=लेक' असा दुसरा टॅग लावून तपशील देता येतो. पुष्कळ ठिकाणी हा दुसरा टॅग नसतोच. शिवाय 'लँडयूज=रिझर्व्हॉयर' ही जुनी पद्धत आहे. २०११ साली विकीवर एक प्रस्ताव संमत झाला आणि 'वॉटर' या कीखाली तपशील देण्याची नवी पद्धत आली. त्यानंतरही जुना टॅग एका रात्रीत गेला नाही, वर्षानुवर्षं दोन्ही पद्धती शेजारीशेजारी चालू राहिल्या.

मामा तलाव माणसानं बांधलेला आणि पाणी साठवण्यासाठीचा आहे, म्हणून तो 'रिझर्व्हॉयर'. पण तो लहान आहे, म्हणून उपग्रहचित्रावरून नकाशा काढणारा त्याला सहज 'पॉन्ड' म्हणून जातो. एखाद्याला तो नैसर्गिक 'लेक' वाटतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात. त्याला आपण गाळपेर म्हणतो. मे महिन्याचं चित्र बघून काढणाऱ्याला तिथे शेतच दिसेल.

म्हणजे एकाच जातीचे चार तलाव चार टॅगांखाली निघू शकतात. तुम्ही ओव्हरपासवर एकाच टॅगची क्वेरी चालवली तर मिळणारा आकडा तलावांचा नसतो. तो नकाशा काढणाऱ्यांच्या सवयींचा असतो. म्हणून व्याख्या कुठे लिहिली आहे, कोणी लिहिली आणि ती कोण पाळतं, हे प्रश्न इथे थेट निष्कर्षाला भिडतात.

दोन जागा, दोन स्वभाव

मुक्त स्रोत प्रकल्पाकडे साधारण दोन जागा असतात. एक संकेतस्थळ, ज्यावर मोजके लोक लिहितात. दुसरी विकी, जिथे खातं उघडून कोणीही लिहू शकतो. पहिली विकी १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅम यांनी सुरू केली. प्रोग्रामरांनी आपापले अनुभव पटकन लिहून ठेवावेत, एवढाच तिचा हेतू होता.

या दोन स्वभावांची सगळ्यात गाजलेली टक्कर ज्ञानकोशांची. २००० साली न्यूपीडिया सुरू झाला. त्यातला लेख तज्ज्ञांच्या सात टप्प्यांच्या तपासणीतून जायचा. त्याला कच्चा माल पुरवायला जानेवारी २००१ मध्ये विकिपीडिया काढला. २००३ मध्ये न्यूपीडिया बंद झाला तेव्हा त्याचे पूर्ण झालेले लेख पंचविसाच्या आसपास होते. विकिपीडियाचं पुढे काय झालं ते सांगायला नको. मराठी विकिपीडियाही त्याच २००३ सालचा.

यावरून 'विकी जिंकली' असा धडा काढायची घाई करू नका. आपल्याकडे मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली आला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली. त्यातल्या नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, म्हणून चूक सापडली तर ती कोणाची हे कळतं. विकिपीडियात एका माणसाचं नाव नसतं, पण कोणत्या दिवशी कोणतं वाक्य बदललं याचा पूर्ण इतिहास असतो. उत्तरदायित्व दोन्हीकडे आहे, फक्त त्याचं रूप वेगळं आहे. संशोधकाला दोन्ही रूपं वापरता आली पाहिजेत.

वाटणीचा नेहमीचा निकष आणि त्यातली खोट

प्रकल्पातले लोक मजकुराची वाटणी करताना बहुधा असा विचार करतात: महत्त्वाचं ते संकेतस्थळावर, किरकोळ ते विकीवर. किंवा स्थिर ते संकेतस्थळावर, बदलतं ते विकीवर. दुसरा निकष पहिल्यापेक्षा बरा आहे, पण पुरेसा नाही. कारण मजकूर लिहिताना तो स्थिर राहील की बदलेल हे कोणाला माहीत असतं? 'रिझर्व्हॉयर' कसा लिहायचा, हे २००८ साली स्थिरच वाटलं असणार.

मला वेगळा निकष योग्य वाटतो. हा मजकूर चुकीचा ठरला तर ते सगळ्यात आधी कोणाला कळेल? आणि ज्याला कळेल त्याला तो तिथल्या तिथे दुरुस्त करता येईल का?

हा निकष ओएसएमला लावून बघू.

पहिली गोष्ट परवान्याची. ओएसएमचा डेटा आधी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली होता, सप्टेंबर २०१२ पासून तो ओपन डेटाबेस लायसन्सखाली, म्हणजे ओडीबीएलखाली आला. श्रेय कसं द्यायचं, काय करायला परवानगी आहे, हे संकेतस्थळाच्या कॉपीराइट पानावर आहे. या पानाचे अनुवाद आहेत, पण अनुवादात आणि इंग्रजी मुळात फरक पडला तर इंग्रजीच ग्राह्य, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. इथे चूक झाली तर ती कळणार प्रतिष्ठानच्या लोकांना आणि कायदा जाणणाऱ्यांना. रामटेकच्या विद्यार्थ्यानं येता-जाता त्यातलं वाक्य बदललं तर गोंधळ होईल. म्हणून हा मजकूर संकेतस्थळावर असणं बरोबर आहे.

दुसरी गोष्ट टॅगांच्या अर्थाची. मामा तलाव 'पॉन्ड' नाही, हे लंडनमध्ये बसलेल्या माणसाला कधीच कळणार नाही. ते कळणार पाळीवरून चालत गेलेल्याला, त्यात मासेमारी करणाऱ्याला, त्या पाण्यावर धान घेणाऱ्याला. गावाचं नाव मुख्य 'नेम' टॅगमध्ये कोणत्या लिपीत लिहायचं, 'नेम:एमआर'मध्ये काय घालायचं, हेही जगभरासाठी एकाच उत्तरानं सुटत नाही. असं ज्ञान विखुरलेलं असतं, म्हणून त्याची जागा विकीच. इथेही वाटणी बरोबर आहे.

म्हणजे गाइड जेव्हा म्हणतात की विकीचा संदर्भ नको, अधिकृत व्याख्या आणा, तेव्हा ते नसलेली वस्तू मागत असतात. ओएसएममध्ये टॅगांची अशी अधिकृत यादी नाही, तुम्ही हवा तो टॅग लावू शकता. विकीवरचं पान म्हणजे वापरणाऱ्यांनी लिहून ठेवलेला आपसातला समज. त्यासाठी मतदानाची पद्धत आहे, पण प्रस्ताव संमत व्हायला दहा-बारा मतंही पुरू शकतात. आणि संमत झालेला टॅग वापरायचं बंधन कोणावरच नाही. म्हणून विकीच्या पानावर टॅगइन्फोचे आकडे शेजारीच दिसतात, म्हणजे डेटाबेसमध्ये तो टॅग खरोखर किती वेळा आहे ते. व्याख्या आणि वापर शेजारीशेजारी ठेवण्याची ही रीत मला फार आवडते. आपल्या पाठ्यपुस्तकांत असं कधी बघितलंय?

माझी तक्रार: तिसरी जागा

इथपर्यंत ओएसएम माझ्या निकषाला उतरतं. अडचण पुढे आहे.

संकेतस्थळावर 'संपादन' दाबलं की आयडी नावाचा संपादक उघडतो. २०१३ पासून तो तिथे आहे. तलावाची कड काढून झाली की डावीकडे तयार पर्यायांची यादी येते. त्यातून एक निवडला की टॅग आपोआप लागतात. नवीन माणूस विकी उघडतच नाही. त्याच्यासाठी ही यादीच व्याख्या असते. आणि ती यादी संकेतस्थळावर नाही, विकीवरही नाही. ती आहे वेगळ्या कोड रिपॉझिटरीत. तिथे बदल सुचवायचा तर गिट यायला हवं, जेसॉन फाइल वाचता यायला हवी, आणि बदल घ्यायचा की नाही ते ठरवणारे लोक मोजकेच.

माझा निकष इथे लावा. यादीतला पर्याय चुकीचा किंवा अपुरा असेल तर ते कोणाला कळेल? पाळीवर उभं असलेल्या माणसाला. त्याला तो दुरुस्त करता येईल का? नाही. तो विकीवर जाऊन सुंदर पान लिहील, पण यादी जशीच्या तशी राहील. नियम एकीकडे लिहिला जातो आणि दुसरीकडे अंमलात येतो. मधला दुवा मोजक्या लोकांच्या वेळेवर आणि मर्जीवर अवलंबून.

म्हणून मला वाटतं, विकी आणि संकेतस्थळ यांच्यात काय कुठे जावं हा वाद थोडा दिशा चुकलेला आहे. दोघं भांडत असताना निर्णय तिसरीकडेच होतोय.

हे टाळता येतं का? दोन गोष्टी ओएसएमच्या घरातच आहेत. एक म्हणजे आयडीमध्येच पर्यायाशेजारच्या माहितीच्या चिन्हावर टिचकी मारली की येणारं वर्णन विकीतल्या डेटा आयटममधून येतं. विकीवर सुधारलं की संपादकात दिसतं, मजकूर दोनदा लिहावा लागत नाही. हीच दिशा योग्य आहे, पण सध्या ती वर्णनापुरती आहे. कोणता टॅग लागेल हे त्यानं ठरत नाही.

दुसरं उदाहरण जेओएसएमचं. हा जावामधला जुना संपादक, अनुभवी लोक वापरतात तो. त्याचं अख्खं संकेतस्थळच ट्रॅक प्रणालीतली विकी आहे. मदतीची पानं, उघडल्यावर दिसणारी सूचना, आणि बाहेरून घालता येणारे पर्यायसंच, हे सगळं विकीच्या पानांवर आहे. म्हणजे उद्या कोणी 'पूर्व विदर्भातले जलसाठे' असा पर्यायसंच करायचं ठरवलं, तर तो विकीच्या पानावर ठेवता येतो आणि वापरणाऱ्याला थेट आपल्या संपादकात घेता येतो. ज्याला चूक दिसते तो पानच सुधारू शकतो.

याच्यावर आक्षेप

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो खरा आहे. उघड्या दारातून कोणीही येतं. २०१२ साली मोइनमोइन या विकी प्रणालीतल्या त्रुटीतून डेबियन आणि पायथन या दोन्ही प्रकल्पांच्या विकींवर हल्ले झाले, पासवर्ड बदलायला लावावे लागले. जे पान थेट हजारो लोकांच्या संपादकात उतरतं, त्यावर कोणी मुद्दाम घाण केली तर नुकसान मोठं. म्हणून मुख्य यादी सरळ विकीवर टाका, असं मी म्हणत नाही. मुख्य यादी रिपॉझिटरीत राहू द्या, पण प्रत्येक पर्यायाशेजारी 'हे इथे लागू होत नाही' असं एका टिचकीत नोंदवता यावं, आणि ती नोंद त्या टॅगच्या विकी-पानावर सगळ्यांना दिसावी. दुरुस्ती करता येत नसेल तर निदान चूक झाल्याचं तरी जिथल्या तिथे लिहिता यावं.

दुसरा आक्षेप असा की विकीची पानं शिळी होतात. होतात. पण संकेतस्थळाचीही होतात. फरक इतकाच की विकीवर शेवटचा बदल कधी झाला ते दिसतं. संकेतस्थळाचं शिळं पान नवंकोरं दिसत राहतं. संशोधकासाठी हे जास्त धोक्याचं, नाही का?

तिसरी अडचण आक्षेप नाही, आपली मराठी अडचण आहे. ओएसएमच्या संकेतस्थळाचा अनुवाद ट्रान्सलेटविकीवर होतो. आयडीच्या पर्यायांचा अनुवाद ट्रान्सिफेक्सवर. विकीच्या पानांचा अनुवाद विकीवरच, हातानं. तीन जागी तीन वेगळी माणसं 'रिझर्व्हॉयर'ला जलाशय, तलाव किंवा धरण म्हणू शकतात, आणि एकमेकांना ते कळणारही नाही. मजकूर वाटताना इंग्रजीत जी फट छोटी असते ती मराठीत येईपर्यंत तिप्पट होते. मराठीत काम करणारे मुळात थोडे, त्यात तीन जागी विभागलेले. वाटणी करणाऱ्यांनी हा हिशोब धरायला हवा.

एक गैरसमजही काढून टाकू. विकी म्हणजे सगळ्यांना खुली, असं नसतं. ओएसएम प्रतिष्ठानचं स्वतःचं संकेतस्थळ मीडियाविकीवर चालतं, पण तिथे कोणीही लिहू शकत नाही. विकी हे सॉफ्टवेअर आहे, खुलेपणा हा निर्णय आहे. पानाचा पत्ता बघून विश्वास ठरवू नका. पान कोण बदलू शकतं ते बघा.

तुमच्या कामासाठी

आता प्रबंधात हे कसं आणायचं, ते सांगतो.

१. विकीच्या पानाचा संदर्भ देताना साधा पत्ता देऊ नका. पानाच्या इतिहासात जाऊन त्या आवृत्तीचा कायमचा दुवा घ्या, सोबत तारीख लिहा. असं केलं की तो संदर्भ छापील पुस्तकाइतका तपासता येतो. गाइडना हेच दाखवा, बरेच जण ऐकतात.

२. व्याख्या आणि वापर वेगवेगळे लिहा. 'विकीनुसार अर्थ असा, आणि आमच्या क्षेत्रात प्रत्यक्ष टॅग असे आढळले', अशी दोन वाक्यं पद्धतीच्या प्रकरणात हवीतच.

३. एकाच टॅगची क्वेरी चालवू नका. तलाव मोजायचे तर 'नॅचरल=वॉटर' सगळे घ्या, 'लँडयूज=रिझर्व्हॉयर' वेगळे घ्या, दुहेरी आलेले काढा, आणि मग काही तलाव निवडून प्रत्यक्ष जाऊन बघा. रामटेकहून तर हे दुचाकीवर होण्यासारखं काम आहे.

४. डेटा कोणत्या दिवशी उतरवला ते लिहा. ओएसएम रोज बदलतं.

५. परवाने गुंतवू नका. नकाशाचा डेटा ओडीबीएलखाली आहे, विकीवरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सखाली. व्याख्या उचलली तर श्रेय एका पद्धतीनं, डेटा घेतला तर दुसऱ्या.

६. चूक दिसली तर फक्त प्रबंधात लिहून थांबू नका. प्रबंध पाच जण वाचतील. तलावाचा टॅग सुधारा आणि विकीच्या पानावर दोन ओळी घाला.

हाच निकष प्रयोगशाळेलाही लागतो. ग्रुपच्या संकेतस्थळावर पेपरांची यादी आणि प्रमुखांची ओळख ठेवा, त्यातली चूक त्यांनाच कळते. पण उपकरण कसं सुरू करायचं, कोणता नमुना कुठे खराब होतो, कोणती स्क्रिप्ट कोणत्या आवृत्तीवर चालत नाही, हे आज ते काम करणाऱ्या कनिष्ठाला बदलता येईल अशा जागी ठेवा. सीनियर पास होऊन गेल्यावर जे प्रोटोकॉल कोणालाच बदलता येत नाहीत, ते हळूहळू खोटे होतात आणि तरी पाळले जातात.

ओएसएमच्या विकीवर मामा तलावासाठी मराठीत एक नीट पान असावं, असं मला फार दिवसांपासून वाटतं: पाळ कशी काढायची, सांडवा कसा दाखवायचा, गाळपेरीची जमीन पाण्यात धरायची की नाही. मी कच्चा मसुदा सुरू केला आहे. गाळपेरीच्या मुद्द्यावर अडलो आहे, कारण त्याचं उत्तर उपग्रहचित्रात नाही. तुमचं गाव तलावाच्या काठचं असेल, तर घरच्यांना एवढंच विचारून बघा: पाणी कोणत्या महिन्यात कुठवर उतरतं?